‘थांबवा’ सांगणारी बावीस अक्षरी चिठ्ठी

ओपीडीत अनेक वर्षे काढल्यावर एक गोष्ट कळते. पेशंट खरे दुखणे बहुधा शेवटी सांगतो. गेल्या वर्षी सर्दी-खोकल्यासाठी एक तरुण आला होता. वय सत्तावीस, टेम्पो चालवतो, घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. तपासले, गोळ्या लिहून दिल्या. कागद घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. आधी मागे कोणी उभे नाही ना हे पाहिले, मग म्हणाला, “साहेब, अजून एक होतं. खालच्या जागी गाठ आहे. दुखत नाही. पाच महिने झाले असतील.”

वृषणातील न दुखणारी गाठ म्हणजे दुसरे काही सिद्ध होईपर्यंत कर्करोगच, असे आम्हाला विद्यार्थीदशेत शिकवलेले असते. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली, त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला : सेमिनोमा. हा कर्करोग लवकर सापडला तर जवळपास नक्की बरा होतो आणि थोडा पसरल्यावरही बहुतेकदा बरा होतो. त्याच्या सीटी स्कॅनमध्ये कुठेही प्रसार नव्हता. मुंबईच्या तज्ज्ञांनी सांगितले की आता केमोची गरज नाही, फक्त ठरावीक अंतराने सीटी आणि रक्ततपासणी करत राहा.

आठव्या महिन्याच्या सीटीत पोटाच्या मागच्या बाजूला, महाधमनीजवळ, एक लिम्फ नोड दिसला. आकार बारा मिलिमीटर. आजार परतला असेल तर नेमका इथेच दिसतो. पण साध्या जंतुसंसर्गानेही एवढा नोड वाढू शकतो. रक्तातले नेहमीचे दोन मार्कर, अल्फा-फीटोप्रोटीन आणि एचसीजी, दोन्ही नॉर्मल होते. त्याने दिलासा मिळायला हवा होता, पण मिळाला नाही. कारण शुद्ध सेमिनोमात पहिला मार्कर वाढतच नाही आणि दुसरा थोड्याच रुग्णांत वाढतो.

आता करायचे काय? केमो सुरू करावी तर कदाचित नसलेल्या आजारासाठी विषारी औषधे द्यायची. थांबावे तर असलेला आजार वाढू द्यायचा. तो तरुण रिपोर्ट हातात धरून बसला होता. म्हणाला, “साहेब, दरवेळी एवढ्या नळ्या भरून रक्त घेता. त्यातून आजार परत आलाय की नाही, एवढं कळत नाही का?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या अगदी हाताशी आले आहे, पण अजून हातात आलेले नाही. ते जिथून सुरू होते ती जागा मात्र रुग्णालय नाही. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीपासून ही गोष्ट सुरू होते.

फाइल, प्रत आणि चिठ्ठी

आधी पेशीचा कारभार समजून घेऊ. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला तो कचेरीसारखाच दिसतो. डीएनए म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये कुलूपबंद ठेवलेली मूळ फाइल. ती बाहेर येत नाही. गरज पडली की तिच्यातल्या हव्या त्या पानाची प्रत काढली जाते. ही प्रत म्हणजे मेसेंजर आरएनए. ती बाहेरच्या दालनात जाते, तिथले कर्मचारी ती वाचतात आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार करतात. पेशीतली बहुतेक कामे ही प्रथिने करतात : वाढणे, विभागणे, आणि वेळ आली की मरणेसुद्धा.

आम्ही शिकलो तेव्हा चित्र इथे संपत असे. मूळ फाइल, तिची प्रत, मग काम. पण कचेरीत काम केलेल्या कोणालाही माहीत असते की आदेशाची प्रत टेबलावर आली म्हणजे अंमलबजावणी होतेच असे नाही. कोणीतरी तिला एक छोटी चिठ्ठी टाचून ठेवतो : ‘तूर्त थांबवा.’ आदेश रद्द झालेला नसतो, मूळ फाइलही जशीच्या तशी असते, पण काम पुढे सरकत नाही.

मायक्रो-आरएनए ही ती चिठ्ठी. लांबी साधारण बावीस अक्षरे. मेसेंजर आरएनए हजारो अक्षरांचा असू शकतो, त्या मानाने ही चिठोरीच. तीही मूळ फाइलीतूनच येते. आधी लांब, केसाच्या पिनेसारखा दुमडलेला धागा तयार होतो. डायसर नावाचे एन्झाइम कात्रीसारखे चालून त्याचे आखूड तुकडे करते. असा तुकडा एका प्रथिनाच्या कुशीत बसतो आणि जुळणारी अक्षरे शोधत मेसेंजर आरएनएच्या शेपटाकडच्या भागाला जाऊन चिकटतो. मग ती प्रत एकतर नष्ट होते किंवा तिच्यावरून प्रथिन बनण्याचे काम मंदावते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्या लागतील. पहिली : चिकटण्यासाठी बावीसच्या बावीस अक्षरे जुळावी लागत नाहीत, सुरुवातीची सहा ते आठ जुळली तरी बहुधा पुरते. त्यामुळे एकच चिठ्ठी शेकडो वेगवेगळ्या आदेशांना लागू पडते. माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या निम्म्याहून अधिक जनुकांवर अशा चिठ्ठ्यांचे नियंत्रण असावे, असे मानले जाते. दुसरी : मायक्रो-आरएनए दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद करत नाही. तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा वेग कमी-जास्त करतो.

मिलिमीटरभर कृमीची देणगी

सी. एलिगन्स हा कृमी शास्त्रज्ञांचा लाडका. पारदर्शक, तीन-चार दिवसांत वाढणारा. त्याच्या अंगात किती पेशी असतात हेही मोजलेले आहे : जननपेशी सोडून ९५९. त्यातले काही कृमी बिघडलेले असत. त्यांची वाढ बालपणातच अडकून पडे आणि शरीर तेच ते टप्पे पुन्हा गिरवत राही. बिघाड होता ‘लिन-४’ नावाच्या जनुकात. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन हे दोघे तरुणपणी अमेरिकेतील एमआयटीमध्ये रॉबर्ट हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेत या कृमींवर काम करत. पुढे दोघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या झाल्या. अॅम्ब्रोस लिन-४ च्या मागे लागले, रव्हकन ‘लिन-१४’ या दुसऱ्या जनुकाच्या.

अॅम्ब्रोस यांच्या गटाने लिन-४ शोधून काढले तेव्हा त्यातून कोणतेही प्रथिन तयार होत नव्हते. मिळाला तो फक्त बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. एवढासा तुकडा काय करणार? १९९२ मध्ये दोघांनी आपापल्या जनुकांची अक्षरे एकमेकांशी ताडून पाहिली. लिन-४ चा तुकडा लिन-१४ च्या मेसेंजर आरएनएच्या शेपटाला जुळत होता. चिठ्ठी आणि ती कोणत्या आदेशावर लागते तो आदेश, दोन्ही सापडले होते. डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले.

त्यावर विज्ञानजगताने फारशी दखल घेतली नाही. कृमीतली एक गंमत, एवढेच बहुतेकांना वाटले. सात वर्षांनी, २००० मध्ये, रव्हकन यांच्या गटाला ‘लेट-७’ नावाचा दुसरा असाच तुकडा सापडला. तो माशीपासून माणसापर्यंत, असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा निघाला. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत न बदललेली गोष्ट फुकटची नसते. २००१ मध्ये ‘मायक्रो-आरएनए’ हे नाव रूढ झाले आणि मग शोधांची रीघ लागली. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी अॅम्ब्रोस आणि रव्हकन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, पहिल्या निबंधांनंतर तब्बल एकतीस वर्षांनी.

चिठ्ठ्या हरवतात तेव्हा

कर्करोगाशी याचा संबंध पहिल्यांदा लागला तो रक्ताच्या कर्करोगात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा उतारवयातला, बहुधा संथ चालणारा आजार. यातील निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला आवर घालणारे जनुक असणार, म्हणून शास्त्रज्ञ अनेक वर्षे प्रथिन बनवणारे जनुक तिथे धुंडाळत होते. हवे ते सापडेना. २००२ मध्ये कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने दाखवले की त्या जागेत दोन मायक्रो-आरएनए आहेत, क्रमांक १५ आणि १६. ते नेमके गळालेले होते.

ते काय थांबवत होते? तीन वर्षांनी उत्तर मिळाले : बीसीएल-२ नावाचे प्रथिन. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. चिठ्ठी हरवली, बीसीएल-२ मोकाट सुटले आणि म्हातारपणी मरायला हव्या त्या पांढऱ्या पेशी मरेनाशा झाल्या. स्वतंत्र वाटेने झालेल्या संशोधनातून याच बीसीएल-२ ला थेट अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी आली. २०१६ मध्ये अमेरिकेत तिला या ल्युकेमियाच्या काही रुग्णांसाठी मान्यता मिळाली आणि आज ती या आजाराच्या उपचारातले महत्त्वाचे औषध आहे. चिठ्ठीने दाखवलेले ठिकाण बरोबर होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

उलटही घडते. काही मायक्रो-आरएनए कर्करोगात कमी होत नाहीत, बेसुमार वाढतात. मिर-२१ हा त्यातला सर्वात बदनाम. (‘मिर’ हे मायक्रो-आरएनएचे लघुनाम आणि पुढचा आकडा त्याचा क्रमांक.) स्तन, फुप्फुस, आतडे, स्वादुपिंड अशा अनेक अवयवांच्या कर्करोगांत तो वाढलेला आढळतो. कर्करोगाला अटकाव करणाऱ्या प्रथिनांवरच तो ‘थांबवा’ची चिठ्ठी लावतो. २०१० मध्ये फ्रँक स्लॅक यांच्या गटाने उंदरांत मिर-२१ कृत्रिमरीत्या वाढवला, तेव्हा त्यांना लिम्फोमा झाला. मिर-२१ बंद करताच काही दिवसांत त्या गाठी विरघळल्या. हा निकाल वाचून अनेकांना वाटले की औषध आता फार दूर नाही.

चिठ्ठ्या कापणारी कात्रीच बिघडली तर? डायसरच्या जनुकात जन्मतःच दोष असलेल्या काही कुटुंबांत लहान मुलांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो. हे २००९ मध्ये कळले. अशा कुटुंबातल्या बाकी मुलांची आता जनुकीय तपासणी करता येते. मायक्रो-आरएनएच्या अभ्यासाचा रुग्णाला थेट झालेला हा एक फायदा.

रक्तात टिकणारा पुरावा

आता आपल्या टेम्पोवाल्याच्या प्रश्नाकडे येऊ. रक्तातून कळत नाही का?

आरएनए हा नाजूक पदार्थ. रक्तात त्याला फाडून टाकणारी एन्झाइम्स भरपूर असतात. त्यामुळे तिथे तो टिकेल असे कोणाला वाटत नव्हते. २००८ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथे मुनीश तिवारी यांच्या गटाने दाखवले की मायक्रो-आरएनए रक्तद्रवात चांगले टिकतात. नमुना चोवीस तास टेबलावर ठेवा, गोठवून पुन्हा वितळवा, त्यांचे प्रमाण फारसे बदलत नाही. ते प्रथिनांना बिलगून किंवा पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुडक्यांत सुरक्षित प्रवास करतात. पुढारलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात मिर-१४१ वाढलेला असतो, हेही याच अभ्यासात दिसले.

मग जगभरातून निबंधांचा पूर आला. प्रत्येक कर्करोगासाठी रक्तातले पाच-दहा मायक्रो-आरएनए सुचवले गेले. पण एका गटाची यादी दुसऱ्याशी जुळेना. असे का, हे मला आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाकडे पाहून कळते. आठवड्यातून दोन-चारदा तो फोन करतो : “सर, सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत पाठवा.” सुई बारीक असली, रक्त जोरात ओढले, नळी रस्त्यात हिंदकळली, की लाल पेशी फुटतात. लाल पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ ठासून भरलेले असतात. ते रक्तद्रवात सांडले की मोजणाऱ्याला वाटते, कर्करोगाची खूण सापडली. प्रत्यक्षात सापडलेली असते रक्त घेणाऱ्याची घाई.

दुसरी अडचण त्याहून मोठी. मिर-२१ कर्करोगात वाढतो, तसाच साध्या सुजेतही वाढतो. यकृतात मिर-१२२ भरपूर असतो. तो रक्तात वाढला तर यकृताला इजा झाली एवढे कळते. इजा कर्करोगाची, काविळीची की दारूची, ते तो सांगत नाही.

मात्र एका आजारात निसर्गाने खूण अगदी स्वच्छ ठेवली आहे, आणि तो आजार आहे वृषणाचा कर्करोग. मिर-३७१ हा मायक्रो-आरएनए गर्भाच्या सुरुवातीच्या पेशींत काम करतो आणि पुढे मोठ्या माणसाच्या शरीरात जवळजवळ गप्प असतो. वृषणाच्या बहुतेक कर्करोगपेशी त्याला पुन्हा जागे करतात. जिथे मुळात शांतता आहे तिथे बारीक आवाजही ऐकू येतो, तसे हे आहे. २०१९ मध्ये जर्मन डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात ६१६ रुग्ण आणि कर्करोग नसलेले २५८ पुरुष यांची तुलना झाली. या एका चाचणीने दर शंभर रुग्णांपैकी नव्वद ओळखले आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी चौऱ्याण्णवांना बरोबर ‘नाही’ सांगितले. जुने मार्कर सेमिनोमाच्या निम्म्या रुग्णांतही वाढत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर मिर-३७१ झपाट्याने खाली येतो आणि आजार परतला की पुन्हा वर जातो.

या चाचणीतही उणिवा आहेत. टेराटोमा नावाच्या प्रकारात मिर-३७१ वाढत नाही. आजार अगदी छोटा असेल तर तो हुकू शकतो. म्हणूनच मोठ्या चाचण्यांमधून तिची परीक्षा सुरू आहे. आमच्यासारख्या रुग्णालयात ती रोजच्या वापरात नाही. पण बारा मिलिमीटरच्या नोडसमोर हतबल बसलेल्या डॉक्टरला नेमकी हीच हवी असते.

आकडेमोड करून पाहा

एव्हाना काही वाचकांच्या मनात आले असेल की मग अशा चाचण्या सगळ्यांनीच का करून घेऊ नयेत? थेंबभर रक्तातून सगळे कर्करोग ओळखण्याची आश्वासने अधूनमधून कानावर येतात. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षक तसा रिपोर्ट घेऊन आले. काहीही त्रास नव्हता. मुलाने हौसेने तपासणी करून दिली होती. रिपोर्टमध्ये ‘धोका जास्त’ असे छापलेले. त्यानंतर त्यांचे सीटी, एंडोस्कोपी, सगळे झाले. काही निघाले नाही. दोन महिने त्यांना झोप नव्हती, आणि काही न निघाल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. “राहून गेलं असेल का हो काही?” हा प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला.

एक साधे गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा दहा हजार धडधाकट माणसांपैकी वीस जणांना एखादा छुपा कर्करोग आहे. चाचणी अशी की आजार असलेल्या शंभरांपैकी नव्वद पकडते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी नव्वदांना सोडते. ऐकायला उत्तम. ती वीसपैकी अठरा पकडेल. पण उरलेल्या ९,९८० जणांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९८ जणांनाही ‘आजार आहे’ असे सांगेल. एकूण १,०१६ जणांचा रिपोर्ट वाईट येईल आणि त्यात खरे रुग्ण अठरा. शंभरांत दोनसुद्धा नाहीत.

तीच चाचणी टेम्पोवाल्यासारख्या माणसावर केली तर हिशेब पालटतो. त्याला आजार होऊन गेलेला आहे आणि सीटीत नोड दिसतो आहे, म्हणजे मुळात शंका मोठी. अशा ठिकाणी चाचणीचे उत्तर खरोखर उपयोगी पडते. चाचणीची किंमत ती कोणाला आणि कधी केली यावर ठरते, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो आणि स्वतःही अधूनमधून विसरतो.

शिवाय आजार सापडणे आणि जीव वाचणे यांत अंतर आहे. ते मोजण्याचा उत्तम दाखला आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी गावोगावच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणत्या तपासणीने मृत्यू कमी होतात, हा प्रश्न होता. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. रक्तातल्या मायक्रो-आरएनएची कुठलीही चाचणी सर्वसामान्यांसाठी म्हणून पुढे आली, तर तिलाही याच कसोटीला उतरावे लागेल.

औषधाची अडलेली वाट

खूण म्हणून नाही, तर औषध म्हणून मायक्रो-आरएनए वापरता येईल का? कल्पना सरळ आहे. जी चिठ्ठी हरवली ती बाहेरून बनवून द्यायची. जी नको तिथे लागते आहे तिच्यावर तिची उलट प्रत चिकटवून तिला निकामी करायचे.

पहिल्या मार्गाने मिर-३४ ची कृत्रिम प्रत तयार झाली. हा मायक्रो-आरएनए अनेक कर्करोगांत कमी झालेला असतो. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून तो शिरेवाटे देण्याची चाचणी अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झाली. कर्करोगावरची मायक्रो-आरएनएची ही माणसांवरची पहिली चाचणी. ८५ रुग्णांनी भाग घेतला. तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, काहींचा आजार काही काळ जागच्या जागी थांबला. पण काहींच्या शरीरात रोगप्रतिकारयंत्रणा भडकली. चार जण दगावले. २०१६ मध्ये चाचणी थांबवण्यात आली. ऑस्ट्रेलियात अॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमा या कर्करोगावर मिर-१६ देऊन पाहिला. गोळी जिवाणूंपासून बनवलेल्या रिकाम्या पिशव्यांत भरावी तसा तो दिला. एका रुग्णात चांगला प्रतिसाद दिसला, बहुतेकांत आजार स्थिर राहिला. आजमितीस कर्करोगासाठी मायक्रो-आरएनएवर आधारलेले एकही औषध बाजारात नाही.

अडचण कुठे आहे, हे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या औषधांकडे पाहिले की कळते. एकाच आदेशाला पूर्ण जुळणारे आखूड आरएनए औषध म्हणून यशस्वी झाले आहेत. पॅटिसिरान हे त्यातले पहिले औषध २०१८ मध्ये मान्य झाले. कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरान तर सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते. दोन्हींचे ठिकाण यकृत. रक्तात सोडलेल्या अशा पदार्थांना यकृत आपसूक ओढून घेते, त्यामुळे पोहोचवण्याचा प्रश्न बराच सुटतो. गाठ मात्र फुप्फुसात असू शकते, हाडात असू शकते, मेंदूत असू शकते. तिथपर्यंत पुरेसे औषध न्यायचे आणि बाकी शरीराला लागू द्यायचे नाही, हे अजून जमलेले नाही.

शिवाय आधी सांगितलेली पहिली गोष्ट आठवा. एक चिठ्ठी शेकडो आदेशांना लागते. कर्करोगाच्या अनेक वाटा एकाच वेळी अडवता येतील, म्हणून ती हवीहवीशी वाटली. पण निरोगी पेशींतले शेकडो आदेशही तीच अडवते. ज्या गुणासाठी निवडली त्याच गुणाने घात होऊ शकतो. अनेक संशोधक आता थोडे वेगळे वळण घेत आहेत : चिठ्ठीचा माग काढून ती कोणते प्रथिन अडवते ते शोधायचे आणि औषध त्या प्रथिनावर तयार करायचे. बीसीएल-२ चे उदाहरण समोर आहेच.

आपल्यासाठी यात काय?

वाचकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काही त्रास नसताना, डॉक्टरांनी सांगितलेले नसताना, ‘सर्व कर्करोगांची एकच रक्ततपासणी’ अशा जाहिरातीवर पैसे घालवू नका. हौसेने केलीच असेल आणि रिपोर्ट वाईट आला तर घाबरून जाऊ नका. तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा आणि वरचे गणित आठवा.

दुसरे, ज्या तपासण्यांनी जीव वाचतात हे सिद्ध झाले आहे त्या आजच उपलब्ध आहेत आणि त्यातल्या बऱ्याच स्वस्त आहेत. आपल्या देशात पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्याने आरशासमोर तोंड उघडून पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम दिसते का ते पाहावे, आणि सरकारी दवाखान्यात तोंड तपासून घ्यावे. स्त्रियांनी गर्भाशयमुख आणि स्तन यांची तपासणी टाळू नये.

तिसरे, तरुण मुलांसाठी. वृषणाचा कर्करोग मुख्यतः पंधरा ते चाळीस या वयातला. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी हाताने चाचपून पाहा. टणक गाठ, एका बाजूचा वाढलेला आकार, जडपणा जाणवला तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणजे साधे आहे, असे मुळीच नाही.

आणि चौथे. दारातून परत वळून सांगायची गोष्ट खुर्चीत बसल्याबरोबर सांगा. मागे रांग असली तरी सांगा. लोक ऐकतील म्हणून संकोच वाटत असेल तर एवढेच म्हणा, “डॉक्टर, जरा खासगी बोलायचं होतं.”

टेम्पोवाल्याचे पुढे काय झाले? मुंबईच्या तज्ज्ञांनी ठरवले की आठ आठवडे थांबून पुन्हा सीटी करायचा. ते आठ आठवडे त्याने कसे काढले, ते त्याच्या बायकोने मला सांगितले. रात्री उठून तो मुलीजवळ जाऊन बसायचा. दुसऱ्या सीटीत नोड नऊ मिलिमीटर भरला, त्यानंतरच्या सीटीत दिसेनासा झाला. केमो टळली. साधीच सूज होती, असे आता मागे वळून म्हणता येते.

गेल्या महिन्यात तो ठरलेल्या तपासणीसाठी आला होता. पुढची तारीख कागदावर लिहून घेताना त्याने विचारले, “साहेब, ती रक्ताची नवी टेस्ट आली का आपल्याकडे?” मी म्हटले, “अजून नाही. आली की तुला फोन करतो.” त्याचा नंबर मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.